कायद्याच्या फॉर्मवर एमडी५ कशाला?

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ या कायद्याच्या शेवटी अनुसूचीत एक फॉर्म आहे. मोबाईलमधला व्हिडिओ, दुकानाच्या सीसीटीव्हीचं फुटेज, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर, जे काही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कोर्टापुढे ठेवायचं असेल, त्याला कलम ६३ खाली हा फॉर्म जोडावा लागतो. ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. दोन्ही भागांत एक ओळ आहे: या नोंदीचं हॅश मूल्य अमुक असून ते पुढील पद्धतीने काढलं आहे. त्या खाली पर्याय दिलेत. शा-१, शा-२५६, एमडी५ आणि चौथा ‘इतर’.

माझं म्हणणं सरळ आहे. या चारांतले दोन पर्याय खोडले पाहिजेत, आणि ते आजच खोडले पाहिजेत. एमडी५ आणि शा-१ ही दोन नावं १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यात असणं म्हणजे नव्या कोऱ्या तिजोरीला बाजारात किल्ली मिळणारं कुलूप लावणं आहे. आणि हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच देशाच्या दुसऱ्या एका कायद्यात हॅशची जी व्याख्या लिहिलेली आहे, तिच्यात ही दोन्ही नावं बसत नाहीत. त्या व्याख्येकडे पुढे येतोच.

मी मौद्यात राहतो. सी भाषेत प्रोग्राम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. कन्हानच्या काठावरच्या या गावात हॅश हा शब्द कोणाला ऐकायला मिळेल असं दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. आता तालुक्यातले वकील तो रोज उच्चारतात, आणि त्यातले दोघे-तिघे फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. कारण धुऱ्याचं भांडण आता तोंडी साक्षीवर चालत नाही. जेसीबीने धुरा फोडला, तर शेतकऱ्याच्या पोराने तो मोबाईलवर टिपलेला असतो. ट्रॅक्टरचा हप्ता, धानाची उधारी, सोयरिकीतली देणीघेणी, सगळ्याचा पुरावा व्हॉट्सअ‍ॅपवर. गरीब माणसाच्या हातात पहिल्यांदाच असा पुरावा आला आहे जो साक्षीदारासारखा फितूर होत नाही. म्हणून त्याच्यावर लागणारी मोहर खरी असली पाहिजे.

मोहर म्हटलं ते विचार करूनच. पोलिस मुद्देमाल जप्त करतात, तेव्हा पुडक्याला लाख लावून सील करतात आणि पंचांच्या सह्या घेतात. सील शाबूत असेल तर आतला माल तोच. हॅश हे फाईलचं सील आहे. फाईल दोन ओळींची असो की दोन तासांच्या चित्रीकरणाची, शा-२५६ तिच्यातून ३२ बाइटचा एक आकडा काढतं, लिहायला गेलात तर ६४ अक्षरं. शा-१ चा आकडा २० बाइटचा, ४० अक्षरं. एमडी५ चा १६ बाइटचा, ३२ अक्षरं. फाईलमधला एक बिट हलवा, आकड्यातले जवळपास निम्मे बिट पालटतात. फाईलचं नाव बदललं तर मात्र काहीच होत नाही, कारण नाव फाईलच्या आत नसतं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं. नाव बदललं म्हणून पुरावा बिघडला असं मानणारे लोक मी पाहिले आहेत.

आता सील कधी निकामी होतं? एकाच सीलचे दोन पुडके तयार करता आले, की. आत वेगवेगळा माल, बाहेर तीच मोहर. हॅशच्या भाषेत याला टक्कर म्हणू. एमडी५ रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केलं. ऑगस्ट २००४ मध्ये वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची टक्कर जगापुढे ठेवली. आज तशी जोडी साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत निघते. २००८ च्या डिसेंबरात संशोधकांच्या एका गटाने सुमारे २०० प्लेस्टेशन ३ एकत्र जोडून, एमडी५ च्या टकरीतून एक खोटं प्रमाणपत्र प्राधिकरण उभं करून दाखवलं. म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्याही संकेतस्थळाचा तोतया उभा करता आला असता. २०१२ मध्ये उघड झालेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या विषाणूने एमडी५ चीच टक्कर वापरून मायक्रोसॉफ्टची सही बनावट केली होती. ते प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक नव्हतं, ती प्रत्यक्षातली चोरी होती.

शा-१ ला जास्त वेळ लागला. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ जाहीर केल्या. दिसायला वेगळ्या, शा-१ मात्र एकच. त्यासाठी नऊ क्विंटिलियनांहून जास्त वेळा शा-१ मोजावं लागलं होतं, आणि तेव्हा काही लोक म्हणाले, एवढी ताकद कोणाकडे आहे? २०२० मध्ये ल्यूरां आणि पेरँ या दोन संशोधकांनी भाड्याने घेतलेली ९०० ग्राफिक कार्डं दोन महिने चालवून त्याहून घातक प्रकारची टक्कर काढली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने, जिने शा-१ जगाला दिलं तिनेच, त्याला निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०३० ही शेवटची मुदत दिली. त्यानंतर वर्षभराने आपण कायदा केला, आणि त्याच्या फॉर्मवर शा-१ सगळ्यात पहिलं छापलं.

आता ती व्याख्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल सहीच्या संदर्भात हॅश फंक्शन म्हणजे काय हे स्पष्टीकरणात दिलेलं आहे. त्याचा आशय असा की, हॅशवरून मूळ नोंद परत उभी करणं, आणि दोन नोंदींचा एकच हॅश निघणं, या दोन्ही गोष्टी संगणकाच्या आवाक्याबाहेरच्या असल्या पाहिजेत. दुसरी अट पुन्हा वाचा. दोन नोंदींचा एकच हॅश. एमडी५ त्या अटीवर २००४ सालीच नापास झालं, शा-१ २०१७ साली. म्हणजे २००० सालच्या कायदा करणाऱ्यांनी जे जाणलं होतं ते २०२३ च्या कायदा करणाऱ्यांनी विसरून टाकलं. मी वकील नाही. पण एखाद्या वकिलाने हा मुद्दा कोर्टात उभा केला, तर समोरचा काय उत्तर देईल हे ऐकायला मी मौद्याहून नागपूरला स्वखर्चाने जाईन.

इथे माझे धंदेबंधू एक प्रामाणिक आक्षेप घेतात, त्याला टाळून चालणार नाही. ते म्हणतात, टक्कर काढणं वेगळं आणि आधीच दिलेल्या फाईलच्या हॅशशी जुळणारी दुसरी फाईल बनवणं वेगळं. हे दुसरं काम एमडी५ च्या बाबतीतही आजवर कोणी प्रत्यक्षात केलेलं नाही. मग पोलिसांनी जप्त केलेल्या फाईलचा एमडी५ लिहून ठेवला, तर ती फाईल नंतर कोण बदलणार?

गणित बरोबर आहे. पण कोर्टातली माणसं चुकीची धरली आहेत. फाईल कोणी बनवली, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. ‘अ’ भाग भरतो तो पक्षकार, म्हणजे ज्याला खटला जिंकायचा आहे तोच. फाईल त्याच्या हातात जन्मली. त्याने आधीच दोन फाईली बनवून ठेवल्या, एक निरुपद्रवी आणि एक कामाची, दोघींचा एमडी५ एक, तर त्याला आधी दिलेल्या फाईलशी जुळवायची गरजच नाही. तो आज एक दाखवेल, उद्या दुसरी. पीडीएफ, जेपीजी, पीएनजी, एमपी४ अशा रोजच्या वापरातल्या फाईलींच्या अशा जोड्या संशोधकांनी करून दाखवलेल्या आहेत. आणि उलट बाजूही तितकीच वाईट आहे. ज्याच्याविरुद्ध खरा व्हिडिओ आहे, त्याचा हुशार वकील उभा राहून म्हणेल, हे सील तर कोणीही बनवू शकतो, पुरावा रद्द करा. खऱ्या माणसाचा खरा पुरावा निकामी मोहरेमुळे वाया जाईल. मला या दुसऱ्या शक्यतेची भीती जास्त वाटते. टक्कर काढणारा बदमाश विरळा, पण शंका काढणारा वकील प्रत्येक तालुक्यात सापडतो.

‘फॉर्ममध्ये शा-२५६ पण आहे ना, ज्याला हवं त्याने ते निवडावं,’ असंही उत्तर मिळतं. माणसं काय निवडतात ते मी पाहिलेलं आहे. हातात पेन असेल तर ६४ अक्षरांपेक्षा ३२ अक्षरं लिहिणं सोपं. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे, हॅशफाईल असं सांगून फाईल दिली आणि पद्धतीचं नाव लिहिलं नाही, तर ती गुपचूप शा-१ काढते. म्हणजे आळस एमडी५ कडे ढकलतो आणि अज्ञान शा-१ कडे.

जालन्याचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता की खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची वेळ उलटल्यावर दाखल झाले. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. त्या चित्रीकरणाला जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवं होतं, आणि अधिकारी मागूनही ते देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचंच आहे, पण माणसाने सगळे प्रयत्न करूनही संबंधितांनी ते दिलं नाही तर त्याला दोष देता येत नाही. सगळ्या देशातल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा कायदा आपल्या मराठवाड्यातल्या एका मतदारसंघातून ठरला. तेव्हा प्रमाणपत्रात हॅश नव्हता. आता आहे, हे चांगलंच झालं. त्याचं स्वागत करूनच मी भांडतो आहे. हॅश आणला, तर मग धड आणा.

आता माझ्या शेतात येतो, म्हणजे सी मध्ये. कारण शा-२५६ वर खूण केली म्हणजे शा-२५६ निघालंच असं नाही.

अभियांत्रिकीची पोरं हॅशचा प्रोग्राम लिहायचा म्हटलं की इंटरनेटवरून कुठली तरी सी फाईल उचलतात. एमडी५ चं मूळ वर्णन एप्रिल १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याला जोडून सी चा नमुना कोड होता. त्यात ३२ बिटांच्या आकड्यासाठी ‘अनसाइन्ड लाँग’ हा प्रकार वापरला आहे. त्या काळच्या यंत्रांवर तो चार बाइटचा होता. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर तो आठ बाइटचा असतो. कोड बिनतक्रार कंपाइल होतो, चालतो, ३२ अक्षरं छापतो, आणि ती अक्षरं चुकीची असतात. दुसरा प्रकार: हाताने लिहिलेल्या कोडमध्ये फाईलची लांबी बिटांमध्ये मोजताना साधा ‘इंट’ घेतलेला असतो. २५६ एमबी ओलांडली की तो आकडा उलटतो. लहान फाईलवर चाचणी घेतली, सगळं ठीक. सीसीटीव्हीचं रात्रभराचं फुटेज दिलं, हॅश खोटा.

सगळ्यात भयंकर प्रकार तर एका अक्षराचा आहे. विंडोजवर ‘एफओपन’ ने फाईल उघडताना ‘आरबी’ ऐवजी नुसतं ‘आर’ लिहिलं, तर फाईल मजकूर म्हणून वाचली जाते. ओळीच्या शेवटचे दोन बाइट एक होतात. आणि २६ क्रमांकाचा बाइट आला की वाचन तिथेच थांबतं, फाईल संपली असं समजून. व्हिडिओत तो बाइट कुठेही येऊ शकतो, बहुधा सुरुवातीलाच. म्हणजे हॅश निघतो तो पहिल्या चिमूटभर तुकड्याचा. पुढचं सगळं चित्रीकरण कापा, जोडा, बदला, हॅश तोच. ६४ अक्षरं कागदावर तितकीच भारदस्त दिसतात.

हॅशचा निकाल हा मजकूर नसतो, नुसते बाइट असतात, आणि त्यात शून्य बाइटही येतो. तो निकाल ‘स्ट्रकॉपी’ ने उचलला किंवा ‘स्ट्रकंप’ ने जुळवला, तर पहिल्या शून्याला काम थांबतं. ३२ बाइटांच्या आकड्यात कुठे तरी शून्य बाइट असण्याचा संभव शंभरात बारा. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वेळा प्रोग्राम बरोबर वाटेल. पेन ड्राइव्ह खराब असेल, ‘एफरीड’ मध्येच अडखळलं आणि ‘एफएरर’ तपासलंच नाही, तर अर्ध्या फाईलचा हॅश पूर्ण फाईलचा म्हणून छापला जातो. फाईल अजिबातच वाचली गेली नाही तर? तेव्हाही हॅश निघतो, रिकाम्या फाईलचा. वकील मंडळींनी हा लक्षात ठेवावा: रिकाम्या फाईलचं शा-२५६ ‘ई३बी०सी४४२’ ने सुरू होतं आणि एमडी५ ‘डी४१डी८सीडी९’ ने. समोरच्याच्या फॉर्मवर हे दिसलं तर चहा मागवा आणि निवांत बसा.

यावर उपाय म्हणून मी पोरांना सांगतो की स्वतः लिहू नका, ओपनएसएसएल वापरा. तिच्यात इव्हीपी नावाचा दरवाजा आहे: आधी संदर्भ तयार करायचा, मग इनिट, मग फाईलचे तुकडे एकेक करून अपडेट, शेवटी फायनल, आणि प्रत्येक वेळी परत आलेला आकडा एक आहे का ते बघायचं. जुने थेट दरवाजे, एमडी५ इनिट किंवा शा२५६ इनिट अशा नावांचे, २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवले आहेत, तरी आपल्याकडच्या नोट्समध्ये तेच शिकवतात. इव्हीपीचा फायदा हा की उद्या शा-२५६ लाही वय झालं, तर एक नाव बदलून काम भागेल. ज्यांनी कायद्याचा फॉर्म लिहिला त्यांनी असाच एक दरवाजा ठेवायला हवा होता. पद्धतींची नावं अनुसूचीत न छापता, वेळोवेळी अधिसूचित होईल ती, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.

ग्रंथालय वापरलं म्हणजे डोळे मिटायचे असंही नाही. शा-३ ज्यांनी बनवलं त्यांच्याच सी कोडमध्ये निकी मुहा या संशोधकाला २०२२ मध्ये दोष सापडला. खूप मोठा, चार जीबीच्या घरातला तुकडा एका दमात दिला तर स्मृतीची हद्द ओलांडली जायची. दोष दशकभर तिथे होता आणि पायथन, पीएचपीपर्यंत पोचला होता. जगातले उत्तम लोकही सी मध्ये घसरतात. म्हणून माझ्या मते ‘ब’ भागात नुसती तज्ज्ञाची सही पुरेशी नाही. कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, आणि ज्ञात नमुन्यावर तो तपासला होता का, हे विचारायला हवं. फॉर्म हे विचारतच नाही. शिवाय तज्ज्ञ कोण, हा प्रश्न मौद्यासारख्या ठिकाणी उघडाच आहे. नागपूरची न्यायसहायक प्रयोगशाळा धुऱ्याच्या दिवाणी दाव्यासाठी किती हात मोकळे ठेवू शकेल? मग सही कोणाची, तर संगणकाचं दुकान चालवणाऱ्याची.

एक गोष्ट खास आपल्या लिपीची. ‘धुऱ्यावर’ हा शब्द घ्या. यातला आडवा र संगणकात किमान तीन प्रकारे साठवता येतो: नुक्तावाला ऱ एक अक्षर म्हणून, साधा र आणि वेगळा नुक्ता म्हणून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक म्हणून. डोळ्यांना तिन्ही सारखे. बाइट तीन वेगळे, म्हणून हॅशही तीन वेगळे. एका कळफलकावर लिहिलेली तक्रार दुसऱ्यावर जशीच्या तशी टाइप करून ‘तीच आहे’ म्हटलं, तर हॅश म्हणेल, नाही. आणि आमच्या नावांचं तर विचारू नका. महंमद, मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद, नुसतं मो.; शेख आणि शेक; ख़ान मधला ख़ एक अक्षर की दोन. माणूस एक, शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. नाव आणि जन्मतारीख यांचा हॅश काढून याद्या जुळवणारं एक सॉफ्टवेअर मला एका कार्यालयात दाखवण्यात आलं होतं. माझं आणि माझं जुळलं नाही. मोठ्या अभिमानाने सांगितलं गेलं की हॅश कधी चुकत नाही. बरोबरच आहे, हॅश चुकला नाही. दोन बाइटमाळा वेगळ्या आहेत एवढंच तो बोलला. माणसं वेगळी आहेत हे वाक्य त्या कार्यालयाने आपल्या पदरचं जोडलं.

अगदी तीच गोष्ट गुन्हेगारी खटल्यात घडते तेव्हा हसू येत नाही. हॅश सांगतो की सील केल्यापासून फाईल बदलली नाही. सील करण्याआधी ती तिथे कशी आली, हे तो सांगू शकत नाही. एल्गार परिषद प्रकरणात १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन यांच्या आणि नागपुरात वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घरी झडती झाली, ६ जून २०१८ रोजी दोघांना अटक झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अर्सेनल कन्सल्टिंगने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीचा अहवाल बाहेर आला. त्याचं म्हणणं, विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचा घातक प्रोग्राम घुसवून फाईली बाहेरून पेरल्या गेल्या होत्या. नंतरच्या अहवालात गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तसंच म्हटलं गेलं. एनआयएने हे निष्कर्ष मानलेले नाहीत, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, कोण खरं ते कोर्ट ठरवेल. मी फक्त एवढं म्हणतो की जगातला सर्वोत्तम हॅशही इथे पेरलेल्या आणि न पेरलेल्या फाईलमध्ये फरक करत नाही. पेरलेली फाईल जप्त झाली तर तो तिचंही तेवढ्याच इमानाने रक्षण करेल. म्हणून ‘हॅश जुळला’ हे वाक्य सरकारी पक्षाने विजयाच्या सुरात म्हटलं, की समजावं अर्धं उत्तर दिलं जात आहे.

आणि त्या अर्ध्या उत्तरासाठीही हॅश जप्तीच्या घटकेला निघायला हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे, तेही विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. मग त्याच चित्रीकरणात हॅश वाचून दाखवायला काय हरकत आहे? जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दगडफेक झाली, तेव्हापासून पोरांचे मोबाईल पोलिस ठाण्यात जाणं ही आमच्या वस्त्यांत नवी बातमी राहिलेली नाही. मोबाईल चालू असेल तर तो स्वतःच आत काहीतरी लिहीत राहतो. आज काढलेली प्रत आणि आठ दिवसांनी काढलेली प्रत यांचे हॅश वेगळे येणारच. मधल्या आठ दिवसांत काय झालं, हे सांगायला कोणतीही ६४ अक्षरं उपयोगी नाहीत. ज्या पोराचा मोबाईल गेला त्याला, किंवा त्याच्या बापाला, प्रत काढल्याबरोबर हॅशचा कागद मिळाला पाहिजे, जशी मुद्देमालाच्या पंचनाम्याची प्रत मिळते.

संसदेने अनुसूची दुरुस्त करेपर्यंत थांबायची गरज नाही. राज्याच्या गृहखात्याने एक परिपत्रक काढावं की महाराष्ट्र पोलिस यापुढे फक्त शा-२५६ किंवा त्याहून मजबूत पद्धत वापरतील. खर्च शून्य, पोलिसांच्या हाताशी असलेली साधनं ते आजही काढतातच.

वकिलांना माझी विनंती वेगळी आहे. अशिलाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मागवू नका. तिथे तो दाबून लहान केला जातो आणि मोबाईलमधल्या मूळ फाईलशी त्याचा हॅश कधीच जुळणार नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा केबल लावून घ्या, आणि मूळ मोबाईल विकू देऊ नका. धुऱ्याच्या एका दाव्यात नेमकं हेच अडलं होतं: फॉर्मवर वकिलाच्या मोबाईलमधल्या प्रतीचा हॅश, कोर्टापुढे शेतकऱ्याच्या मोबाईलमधला व्हिडिओ, दोन्ही खरे, आणि जुळणी नाही. उलटतपासणीत समोरच्या तज्ज्ञाला विचारा की हॅश किती वाजता काढला, कोणाच्या समोर, कोणत्या प्रोग्रामने, त्या प्रोग्रामने फाईल शेवटच्या बाइटपर्यंत वाचली हे त्यांना कसं कळलं. आणि फॉर्मवर एमडी५ ची खूण असेल, तर २००० सालच्या कायद्याचं कलम ३ त्यांच्या हातात द्या आणि स्पष्टीकरणातली दुसरी अट मोठ्याने वाचायला सांगा.